जप्तीच्या घराची खबर आणि तिची दलाली

प्रश्न : मी पदवीधर असून अमळनेरला वडिलांचे धान्याचे दुकान सांभाळतो. अमेरिकेत कर्ज थकल्यामुळे जप्तीत निघालेल्या घरांची माहिती गुंतवणूकदारांना पुरवून अनेक जण प्रत्येक व्यवहारामागे पैसे कमावतात, असे मी व्हिडिओंमधून पाहिले. जळगाव-धुळ्याचे काही ओळखीचे व्यापारी स्वस्तातल्या मालमत्तेच्या शोधात असतात. माझा एक मित्र राष्ट्रीयीकृत बँकेत असून तो थकबाकीदारांची यादी देण्यास तयार आहे. हा व्यवसाय आपल्याकडे कायदेशीर आहे का, आणि दलाली किती मागावी?

उत्तर : मित्राच्या यादीचा विचार आधी सोडून द्यावा. ग्राहकांच्या व्यवहारांबाबत गुप्तता पाळण्याचे बंधन राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्मचाऱ्यांवर कायद्यानेच आहे, आणि त्या यादीच्या बदल्यात तुम्ही त्याला हिस्सा दिलात, तर प्रकरण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यापर्यंत जाऊ शकते. मुख्य म्हणजे त्या यादीची तुम्हाला गरजही नाही.

अमेरिकेतील व्यवसाय ज्या पायावर उभा आहे, तो आपल्याकडे वेगळा आहे. तेथे घरकर्जाचे हप्ते १२० दिवसांहून अधिक थकल्याशिवाय सहसा जप्तीची कारवाई सुरू करता येत नाही, आणि ती सुरू झाल्यावर तिची नोंद बहुतेक ठिकाणी सार्वजनिक दप्तरात कोणालाही पाहता येते. परंतु घरमालक आणि खरेदीदार यांची गाठ घालून टक्केवारी घेण्यासाठी तेथील अनेक राज्यांत दलालीचा परवाना लागतो, ही गोष्ट व्हिडिओंमध्ये क्वचितच सांगितली जाते. कॅलिफोर्नियात तर जप्तीच्या छायेतील घरमालकाने गुंतवणूकदाराशी केलेला विक्रीचा करार पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करण्याचा हक्क त्याला १९७९ पासून आहे.

आपल्याकडे बँका बहुधा २००२ च्या सरफेसी कायद्याने, म्हणजे न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता विकून, वसुली करतात. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते, त्यानंतर बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देते, आणि तरीही रक्कम न भरल्यास ताबा घेते. ताब्याची सूचना दोन वृत्तपत्रांत छापावी लागते व त्यांतील एक स्थानिक भाषेतील असावे लागते. पहिल्या लिलावापूर्वी सामान्यतः ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. सरकारी बँकांच्या लिलावांची माहिती ‘बँकनेट’ या संकेतस्थळावरही मिळते. सारांश, खबर गुप्त नाही; ज्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर रोज वर्तमानपत्र येते, तो नुसत्या खबरीसाठी तुम्हाला पैसे का देईल?

तो पैसे देईल ते नोटिशीत न छापलेल्या गोष्टींसाठी. बँक मालमत्ता ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर विकते. ताबा प्रतीकात्मक (केवळ नोटीस लावून कागदोपत्री घेतलेला) आहे की प्रत्यक्ष, आत मूळ मालक राहतो की भाडेकरू, घरपट्टी किती वर्षांची थकली आहे, मालकीची नोंद असलेल्या मालमत्ता पत्रकावर आणखी कोणाचा बोजा आहे का, वाटणीचा दावा चालू आहे का, हे सर्व घेणाऱ्याने स्वतःच पाहायचे असते. प्रतीकात्मक ताब्याच्या घरात कुटुंब राहत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत खरेदीदाराचा पैसा अडकून पडतो. जुन्या मालकाचे थकलेले वीजबिल नव्या जोडणीच्या वेळी लिलावातील खरेदीदाराकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. भुसावळ किंवा चाळीसगावच्या एखाद्या घराबाबत या गोष्टी नगरपालिका, नगर भूमापन कार्यालय आणि दुय्यम निबंधक यांच्याकडे प्रत्यक्ष फिरून जमवणे जळगावच्या व्यापाऱ्याला जमत नाही. तुमची कमाई तेथे आहे, आणि माझ्या मते केवळ तेथेच आहे.

गुंतवणूकदाराची ऐपतही आधी पारखावी. बोली मंजूर झाली की २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी, आणि उरलेली विक्री कायम झाल्यापासून साधारणपणे १५ दिवसांत भरावी लागते. मुदत चुकली तर भरलेली रक्कम जप्त होते. गृहकर्जाच्या भरवशावर बोली लावणारा माणूस तुमच्या कामाचा नाही. रावेर-यावलकडची केळीची बाग लिलावात शोधण्यातही अर्थ नाही, कारण शेतजमिनीवरील तारण सरफेसी कायद्यातून वगळलेले आहे, आणि अन्य मार्गाने ती विक्रीला आली तरी शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही.

दलालीबाबत सांगायचे तर जुन्या घरांच्या व्यवहारात एक ते दोन टक्क्यांची भाषा सर्वत्र चालते, परंतु लिलावात बँक तुम्हाला काही देत नाही, म्हणून जे ठरेल ते खरेदीदाराशीच, बोलीपूर्वी आणि लेखी ठरवावे. चौकशीच्या कामाचे ठरावीक पैसे वेगळे घ्यावेत आणि टक्केवारी खरेदीदाराला बँकेचे विक्री प्रमाणपत्र मिळाल्यावर घ्यावी, असा माझा सल्ला आहे. कारण बोली दुसऱ्याने जिंकली तरी तुमची पायपीट झालेलीच असते. सदनिका महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रकल्पातील असेल, तर केवळ ओळख करून देऊन मोबदला घेणाराही एजंट ठरतो आणि त्याला नोंदणी सक्तीची आहे. मिळालेली दलाली आयकर विवरणपत्रात दाखवावीच लागेल. जीएसटीची नोंदणी मात्र तुमच्या नावावरची एकूण वार्षिक उलाढाल कायद्यातील मर्यादेपलीकडे गेल्यावर लागते, तेव्हा दुकानाचा हिशेब पाहणाऱ्या कर सल्लागारालाच ते विचारावे.

प्रश्न : मी शहाद्याजवळ राहतो. एका गुंतवणूकदाराने मला सांगितले की, बँकेची नोटीस आलेली कुटुंबे शोधून आण. मी त्यांचे कर्ज फेडतो, घराचे खरेदीखत माझ्या नावे करून घेतो, आणि दोन वर्षांत त्यांनी पैसे व्याजासह परत केले तर घर परत देतो. प्रत्येक कुटुंबामागे तो मला पैसे देणार आहे. यात काही गैर आहे का?

उत्तर : आहे, आणि ते गंभीर आहे. तारण घेऊन व्याजाने पैसे देणे ही सावकारी आहे, मग कागदावर तिला खरेदीखत म्हटलेले असो. परवाना नसताना ती करणे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा व्यवहारात गेलेली मालमत्ता कर्जदाराला परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. कुटुंबे आणून देणारा म्हणून चौकशीत तुमचे नाव आल्याशिवाय राहणार नाही. कुटुंब आदिवासी असेल, तर बिगर आदिवासीच्या नावे जमिनीचे हस्तांतरण महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ यांतील परवानगीशिवाय टिकत नाही. नंदुरबार जिल्ह्यात ही बाब पहिल्यांदा तपासावी.

शिवाय मागणी नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय कर्जदाराला तारण मालमत्ता विकताच येत नाही, त्यामुळे गुंतवणूकदार बँकेला बाजूला ठेवून खरेदीखत करू म्हणत असेल, तर तो एक तर अजाण आहे किंवा तुम्हाला अजाण समजतो.

नोटीस आलेल्या घरी जायचेच असेल, तर सरळ मार्गही आहे. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी संपूर्ण थकबाकी व खर्च भरून मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क कर्जदाराला असतो. २०१६ च्या दुरुस्तीने तो त्या टप्प्यापर्यंतच मर्यादित झाला आहे. घराची बाजारातली किंमत थकबाकीहून बरीच जास्त असेल, तर त्या मुदतीत बँकेची संमती घेऊन, खरेदीदाराकडून थकबाकी थेट कर्जखात्यात भरवून आणि उरलेली रक्कम कुटुंबाच्या खात्यात जमा करवून रीतसर विक्री होऊ शकते. अशा विक्रीत लिलावातल्या पडत्या भावापेक्षा कुटुंबाच्या हाती बहुधा जास्त रक्कम राहते. दलाली खरेदीदाराकडून घ्यावी, ती किती आहे हे कुटुंबाला आधी सांगावे, आणि नोटिशीला हरकत घ्यायची असल्यास किंवा ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायचे असल्यास वकील गाठण्याचा सल्लाही त्याच भेटीत द्यावा, मग त्यामुळे तुमचा सौदा हातचा गेला तरी चालेल.