रिंगणात सोलर लाइट लावण्याआधी

भाऊ, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो, घोडा फिरवायचा तो दिवस मावळल्यावरच. लाइट हवेतच. पण उजेड किती यापेक्षा सावली कुठे पडते ते आधी बघा. मी पहिल्या वर्षी एकाच बाजूला खांब रोवले. घोडी दर फेरीला स्वतःच्या लांब सावलीपाशी थबकायची, कान टवकारून फुरफुरायची. घोड्याच्या डोळ्यांना उजेडातून अंधारात सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून खांब दोन्ही लांब बाजूंना, कुंपणाबाहेर, उंच.

२० बाय ४० मीटरच्या रिंगणाला ५० वॅटचे ६ दिवे साध्या फेऱ्यांना पुरतात, उड्यांना नाही. रोज २ तास म्हणजे ६०० वॅट-तास. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन रात्री काढते. लेड-ॲसिड स्वस्त, पण आपल्या उन्हाळ्यात लवकर बसते, नकोच. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण २१ अंश कलतं. श्रावणातली झड धरून ३०० वॅटच्या खाली जाऊ नका. धूळ सकाळीच पुसा, तापल्या काचेवर गार पाणी मारू नका.

वायर मात्र जमिनीखालून, पाइपातूनच न्या. लोंबती दिसली की घोडा चावणारच.