आयएसआय शिक्का नुसता पाहू नका, तपासा

ताई, खरेदी करताना वस्तू खरोखर प्रमाणित आहे का हे ओळखायला सगळी मानके पाठ करायची गरज नाही. सुरुवात प्रेशर कुकरपासून करा. आयएसआय शिक्क्याच्या वर 'आयएस २३४७' (प्रेशर कुकरच्या भारतीय मानकाचा क्रमांक) आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. नुसता शिक्का कोणीही छापू शकतो, म्हणून तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. उत्पादकाचे नाव, वस्तू आणि परवान्याची स्थिती दिसते. नाव आणि वस्तू जुळायला हवी, परवाना चालू हवा. परवाना खरा, पण भलत्याच वस्तूचा, हा प्रकार इथेच पकडला जातो.

नवखे हमखास फसतात ते इथे:
- 'आयएसओ ९००१' कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळते, वस्तूच्या सुरक्षिततेला नाही.
- 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' (त्वचेवर चाचणी केलेले) हा कंपनीचा दावा आहे, सरकारी प्रमाणपत्र नव्हे.

क्रीम, शाम्पूवर आयएसआय शोधत बसू नका. तिथे उत्पादन परवाना क्रमांक पाहा. माल परदेशी असेल तर आयात नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता. हे नसेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

साबणाचे टीएफएम (त्यातील एकूण स्निग्ध पदार्थांचे प्रमाण) वगैरे नंतर बघू. आज घरातला कुकर उलटा करून क्रमांक तपासा.