आईला व्हीलचेअर लागते, क्रूझवर बंदरात उतरून फिरता येईल का?

येईल की, पण बुकिंगआधी एकच प्रश्न विचारा, जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटीने उतरवतात? बाकी सगळं नंतर. बोटवालं बंदर असेल तर लाटांवर हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो, चालता न येणाऱ्यांची जड बॅटरीवाली स्कूटर तर बऱ्याचदा नेऊच देत नाहीत. ग्रीसचं सँटोरिनी बेट तसंच, आणि वर गावात जायला केबल कार नाहीतर 588 पायऱ्या (किंवा गाढव, आईला विचारून बघा 😄). लक्षद्वीपलाही छोट्या बोटीत बदलावं लागतं. सिंगापूर मात्र मस्त, जहाज धक्क्याला आणि मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनला लिफ्ट.

आम्ही वाशीहून आईला घेऊन गेलो होतो, तिथे एका बंदरावर सकाळी उतरायची फळी जवळजवळ सपाट होती आणि दुपारी परत आलो तर भरती-ओहोटीमुळे एवढी तिरकी की दोन खलाशांनी खुर्ची उलटी करून मागे मागे ओढत वर नेली, आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती.

म्हणून फोल्डिंग, हलकी खुर्ची घ्या, टूरच्या बसला रॅम्प नसतो कधीकधी मग ती डिकीत जाते. जुन्या युरोपी गावांत दगडी रस्ते, पुढची छोटी चाकं अडकतात. आधी ठाण्यात तलावपाळीला पेव्हर ब्लॉकवरून फिरवून बघा, तिथे अर्ध्या तासात पाठ दुखली तर जाड गादी घ्याच. आणि जहाजाच्या कंपनीला महिनाभर आधी लेखी कळवा, फोनवर हो हो म्हणतात नुसते.