आजोबांची नाणी दुबईला पाठवू नका, ॲडव्हान्स परत करा

नमस्कार दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मला समजलं ते असं, की आजोबांच्या पेटीत शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) आणि राणीछाप चांदीचे रुपये मिळून 36 नाणी निघाली, तुम्ही फोटो काढून ती ऑनलाइन लिलावाला लावली, बोली 86 हजारांवर बंद झाली आणि जिंकणारा निघाला दुबईचा. त्याच्या वतीनं पुण्यातल्या कुठल्यातरी खात्यावरून 40 हजार ॲडव्हान्स पण आलाय, आणि आता तो म्हणतोय कुरिअरच्या कागदावर 'इमिटेशन ज्वेलरी' लिहून पाठवा नाहीतर फसवणुकीची केस टाकतो. वर इचलकरंजीच्या आत्यांनी हिस्सा मागितलाय.

नाणी पाठवू नका. बाकीचं सावकाश बघू, पण आज उद्यात कुरिअरवाल्याला बोलवलं असेल तर आधी त्याला नको म्हणून सांगा.

1972 चा अँटिक्विटीज ॲक्ट आहे, त्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष, म्हणजे कायद्यानं जपायची जुनी वस्तू, धरलंय आणि असा पुरावशेष देशाबाहेर पाठवायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारनं नेमलेल्या संस्थेला आहे. आपलं स्वतःचं, वडिलोपार्जित, कपाटातलं असलं तरी. राणी व्हिक्टोरिया 1901 ला गेली, म्हणजे तिच्या काळातलं प्रत्येक नाणं शंभरी पार केलेलं आहे, शिवराईचं तर बोलायलाच नको. पंचम जॉर्जचा रुपया असता तर साल बघावं लागलं असतं, कारण ते 1911 पासून 1936 पर्यंत निघालेत. बाहेर पाठवायचा प्रयत्न सापडला तर कमीत कमी 6 महिने आणि जास्तीत जास्त 3 वर्षं कैद, दंड वेगळा, माल कस्टम जप्त करणार. आणि कागदावर इमिटेशन ज्वेलरी लिहून सही तुमची असणार, त्या दुबईवाल्याची नाही, हे नीट डोक्यात घ्या. चुकून झालं म्हणायची वाटच तुम्ही स्वतःच्या हातानं बंद करणार.

आता केसची धमकी. बोली बंद झाली म्हणजे सौदा झाला हे खरं, पण ज्या सौद्यात माल कायदा मोडून बाहेर पाठवायचाय तो कोर्टात टिकत नाही, 1872 च्या करार कायद्यात कलम 23 त्यासाठीच आहे. फसवणूक म्हणायला सुरुवातीपासून गंडवायचा हेतू लागतो, तुम्ही तर पैसे परत देताय. मी असतो तर त्याला एक साधा लेखी मेसेज केला असता, की ही नाणी शंभर वर्षांवरची आहेत, परदेशी पाठवता येत नाहीत, सौदा रद्द, ॲडव्हान्स परत करतोय. भारतातल्या पत्त्यावर द्या म्हणाला तरी माझं मत नको असंच आहे, कारण त्याला ती बाहेर न्यायचीयेत हे त्यानं तुम्हाला आधीच लिहून दिलंय. इमिटेशन ज्वेलरीवाल्या चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, एक पण मेसेज डिलीट करू नका.

पैसे परत करताना मात्र सांभाळून. ज्या खात्यावरून आले त्याच खात्यावर, बँकेला लेखी कळवून. तो म्हणेल माझ्या भावाच्या खात्यावर टाका, दुसऱ्या नंबरवर टाका, अजिबात टाकू नका. ते 40 हजार तिसऱ्याच कुणालातरी फसवून आलेले असले तर तुमचं खातं गोठवलं जातं आणि मग पगार अडकून बसतो, असल्या प्रकरणात घरातला माणूस किती हैराण होतो ते मी जवळून बघितलंय. काही गडबड वाटली तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि आणखी एक, जुन्या नाण्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून कमिशन, टॅक्स भरायला सांगणारे फोन येतात. 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्वतः जाहीर केलंय की आम्ही असल्या व्यवहारात नसतो आणि कसली फी मागत नाही.

आत्यांचं म्हणणं मला तरी बरोबर वाटतंय. आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि नाणी त्यांच्या स्वतःच्या मालकीची असतील तर त्यावर आजी, मुलगे आणि मुली सगळ्यांचा सारखा हक्क, नातू म्हणून तुम्ही वडिलांच्या मागून येता. पेटी तुमच्या घरात होती म्हणून नाणी तुमची होत नाहीत. भांडत बसू नका, सगळ्यांना बसवून यादी करा, फोटो लावा, संमतीपत्रावर सह्या घ्या आणि कोल्हापुरात कसबा बावड्याला कोर्टाजवळ नोटरी करून घ्या.

त्यानंतर देशातल्या देशात विकायला अडचण नाही. नाण्यांची सक्तीची नोंदणी नाही, आणि घरातली ठेव एकदा विकणं हा धंदा होत नाही. पण तुम्ही शेवटी लिहिलंय की गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून, अशीच नाणी घेऊन पुढं विकत राहायचा विचार आहे, तर तो मात्र पुरावशेषांचा धंदा झाला आणि त्याला पुरातत्त्व खात्याचं लायसन्स लागतं, ते काढल्याशिवाय सुरू करू नका. मिळालेल्या पैशावर टॅक्स किती ते सीएला विचारा, रोख 2 लाख किंवा वर घेऊ नका.

पेटीत देवाचे टाक पण आहेत असं एका ओळीत लिहिलंय. ते लिलावाला लावलेत का? लावले असतील तर आजच काढा. धातूच्या मूर्तीकामाला शंभर वर्षांवर नोंदणी सक्तीची आहे, टाक त्यात धरले जाऊ शकतात. आणि पेटीतले संस्थानी काळातले कोल्हापूरचे स्टँप पेपर, ऐतिहासिक मोलाचे असतील तर कागदाला 75 वर्षंच पुरतात, संस्थान विलीन झालं 1949 ला, तेव्हा ते पण आत्ता कुणाला देऊ नका. टाकांचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि कागदांवरची सालं मला पाठवा, बघून सांगतो.