ख्रिस्ती धर्मात ‘विश्वास ठेवला की तारण झालं’, म्हणजे पापातून सुटका झाली, हे खरंच इतकं सोपं असतं का? मग मिस्सा (चर्चमधली उपासना), तेर्स (माळेवरची प्रार्थना), चर्च हे सगळं कशाला?

सोपं आहे. इतकं सोपं की शिकल्यासवरलेल्यांना ते पचत नाही. येशूच्या शेजारच्या क्रुसावर टांगलेला तो गुन्हेगार बघा. बाप्तिस्मा नाही, कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षण नाही, आयुष्यात काही पुण्य केल्याचा पुरावा नाही. तुझ्या राज्यात गेलास की माझी आठवण ठेव, एवढंच म्हणाला, आणि आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील असं उत्तर त्याला मिळालं. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर खरं तर इथेच संपतं. पण ‘विश्वास ठेवला की झालं’ हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकलंय की पुढचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही वेंगुर्ल्याकडचे कॅथलिक. मे महिन्यात चाकरमानी आले की वाडीतल्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लादीन असते. सगळी वाडी जमून प्रार्थना म्हणते, गाते. खुरसाला नवा चुना, अबोलीचे हार, पायथ्याशी मेणबत्त्या. समुद्रावरचा वारा त्या टिकू देत नाही, म्हणून पोरं करवंट्या आडव्या धरून बसतात. त्यांचं लक्ष अर्थात उकडलेल्या चण्यांच्या टोपाकडे.

लादीन सांगायची माझी आजी. तिला अक्षरओळख नव्हती. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे कॅथलिक बिशपांची जागतिक सभा, झाली १९६२ ते १९६५ मध्ये, त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली. त्याआधी लॅटिन. म्हणजे आजीने ऐन उमेदीची वर्षं एक अक्षर न कळणारी मिस्सा ऐकली. तेर्स मात्र रोजची. बांगडे कापताना माळ धरता येत नाही, म्हणून ‘नमान मारिये’ या मरियेच्या प्रार्थना बोटांवर मोजायची. दहा झाल्या की पुढचं रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला पुढचा प्रसंग, आणि मधूनच मांजराला एक शिवी.

एका मे महिन्यात माझा चुलतभाऊ मुंबईहून आला. तिकडे तो एका नव्या प्रार्थनासंगतीत जायला लागला होता. लादीन संपल्या संपल्या, अजून चणे वाटायचे होते, सगळ्यांदेखत त्याने विचारलं, “आजी, तुझा तारण झाला काय?” मग खिशातून नवा करार काढून रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय वाचला. तोंडाने कबूल कर, मनात विश्वास धर, तारण होईल. या मेणबत्त्यांनी काही होत नाही, हेही वर ऐकवलं. आम्ही सगळे गप्प. आजीने पूर्ण ऐकून घेतलं. “माझा माका काय इचारतस? तेका इचार,” म्हणाली. टोपातले चणे कागदात बांधले आणि पुडी त्याच्या हातात दिली. “ह्यां तुझ्या भावाक नेवन दी. बोल तेच्याशी. मगे माझा बघ.”

भाऊ म्हणजे सख्खा. दोघांची घरं लागून, आणि मधल्या बांधावरच्या माडांवरून बोलणं बंद. पुडी काही तिकडे पोचली नाही. घरी जाताना वाटेत त्यानेच चणे खाल्ले, मी बघितलं.

वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं येशू मत्तयच्या पाचव्या अध्यायात सांगतो. आजीला ते वाचता येत नव्हतं, ती वागत तशी होती. सगळं नियमशास्त्र येशूने दोन आज्ञांत बसवलं: देवावर प्रीती कर, शेजाऱ्यावर प्रीती कर. पहिल्या आज्ञेत आमचा चुलतभाऊ पहिला नंबर काढेल. दुसरीत शेजारी सख्खा भाऊच निघाला आणि गाडी अडली. आणि नुसत्या विश्वासाचंच म्हणाल, तर नव्या करारातल्या पत्रात याकोब लिहितो की भुतंसुद्धा विश्वास धरतात आणि थरथर कापतात.

तारण विश्वासाने की कृत्यांनी, या वादावरून १५१७ पासून चर्चची शकलं झाली. शेवटी १९९९ मध्ये आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट), दोघांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण देवाच्या कृपेने होतं, आपल्या पुण्याईने नाही. आणि ती कृपा मिळालेल्याच्या हातून सत्कृत्यं घडतात. हे मी चुलतभावाला सांगितलं तर म्हणाला, ती माणसांनी केलेली कागदपत्रं. बांधावरच्या माडांची कागदपत्रं मात्र प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून कपाटात आहेत.

तेव्हा तुम्हाला कुणी ‘तुमचं तारण झालंय का’ असं विचारलं तर वचनांना वचनं लावत बसू नका. घरात कुणाशी बोलणं बंद आहे, तेवढं विचारा.

आता, नव्या संगतीतले सगळेच असे नसतात. आमच्या वाडीतल्या एकाची दारू तिथे जाऊनच सुटली, जी फादरांच्या उपदेशाने वर्षानुवर्षं सुटली नव्हती. आणि हातात माळ घेऊन शेजाऱ्याचा बांध कोरणारे आमच्यातही आहेत. शिवाय मी कॅथलिक, त्यामुळे माझं उत्तर एका बाजूला झुकणारच.

विधींचं राहिलंच. माझ्या मते माणूस नुसत्या मनाने काही धरून ठेवू शकत नाही. त्याला गुडघे टेकायला, चार लोकांत गायला काहीतरी लागतं. कॅथलिक सात संस्कार मानतात, बहुतेक प्रोटेस्टंट दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. सात का आणि दोन का, हे एखाद्या फादरांना आणि एखाद्या पाळकांना, दोघांनाही विचारा. फक्त रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.