कॅटबेल्स नको, खालची झाडी बघा

एप्रिल उजाडला की मुलांकडे इंग्लंडला निघालेल्या आईवडिलांची पत्रं येतातच, यंदा तर तीन पत्रं एकाच भागाबद्दल आलीत, लेक डिस्ट्रिक्ट, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येचा तळ्यांचा आणि डोंगरांचा मुलूख. माझा मुलगा तिथून तासाभरावर राहतो आणि माझेही गुडघे ६४ वर्षांचे आहेत, त्यामुळे हा भाग मीच लिहिते म्हटलं.

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला असते. जून महिन्यात जातोय. जावई म्हणतात कॅटबेल्स नावाचा डोंगर चढू, एकदम इझी आहे, लहान मुलंसुद्धा चढतात. मला सपाटीवर तासभर चालता येतं पण उतरताना गुडघा दुखतो. नाही म्हटलं तर त्यांचा हिरमोड होईल. काय करू? – एक आजी, डोंबिवली

काकू, नाही म्हणा. जावयांचं खोटं नाहीये, तिथली पोरं खरंच चढतात, पण तिथल्या माणसांचं 'इझी' आणि आपलं इझी यात फरक आहे. कॅटबेल्स ४५१ मीटर उंच, म्हणजे आपल्या सिंहगडापुढे काहीच नाही असं वाटेल, पण शेवटच्या टप्प्यात हात टेकून खडकावर चढावं लागतं आणि तेच परत उतरायचं, तुमचा गुडघा तर उतारालाच कुरकुरतो.

आता गंमत अशी की त्याच डोंगराच्या पायथ्याशी, डरवेंटवॉटर नावाच्या तळ्याच्या काठाने, ओकच्या झाडीतून एक वाट जाते आणि माझ्या मते ती डोंगरापेक्षा सुंदर आहे. जागेचं नाव ब्रँडलहाउ. तिथली नॅशनल ट्रस्ट ही संस्था आहे ना, जुन्या जागा आणि रानं सांभाळणारी, तिने लेक डिस्ट्रिक्टमध्ये सगळ्यात पहिली विकत घेतलेली जमीन हीच, १९०२ साली. वाटेत लाकडात कोरलेले दोन मोठ्ठे ओंजळीसारखे हात आहेत, शंभर वर्षं झाली म्हणून बसवलेले, नातवंडं असतील तर ती त्यात चढून बसणारच, फोटो काढा आणि पुढे चला.

करायचं असं. गाव केसिक, लिहितात केस्विक पण मधला व कोणी म्हणत नाही, बसवाल्याला केसिकच सांगा. गाडी नसेल तर पेनरिथपर्यंत ट्रेन आणि पुढे बस आहे. गावातून दहा मिनिटांवर तळ्याचा धक्का, तिथून लाँच सुटते, ती तळ्याला गोल फेरी मारते आणि मध्ये सात-आठ ठिकाणी थांबते, आपल्या जेट्टीसारख्या लाकडी फळ्यांवर. घड्याळाच्या उलट दिशेने जाणारी लाँच घ्या, हॉज एंडला उतरा, तळं डाव्या हाताला ठेवून झाडीतून चालत हाय ब्रँडलहाउच्या धक्क्यावर या, दोनेक किलोमीटर होतं, आरामात तास लागेल. मध्ये लो ब्रँडलहाउचा धक्का आहे, गुडघा बोलायला लागला तर तिथेच थांबून लाँच पकडायची, कोणाचा हिरमोड नाही. आणि जावयांना सांगा, तुम्ही कॅटबेल्स करून या, आम्ही खाली भेटतो. वरची वाटसुद्धा हॉज एंडवरूनच सुरू होते.

एकच गोष्ट, शेवटची लाँच किती वाजता ते धक्क्यावरच विचारून हातावर लिहून घ्या. मी एकदा ऑक्टोबरमध्ये थर्मासमधला चहा संपवू मग निघू म्हणत बसले आणि लाँच डोळ्यांदेखत गेली, मग अंधारात पाच-सहा किलोमीटर चालत गावात, मुलगा पूर्ण रस्ता एक शब्द बोलला नाही. जूनमध्ये उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो म्हणा, पण लाँच उजेड बघून चालत नाही.

झाडीबद्दल थोडं सांगते कारण ते कोणी सांगत नाही. या बाजूच्या खोऱ्याचं नाव बॉरोडेल, तिथलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं गाव, वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर. महाबळेश्वरवाल्यांना हसू येईल, पण आपला सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि त्यांचा बारा महिने भुरभुरत राहतो. त्यामुळे झाडं कधी वाळतच नाहीत, बुंध्यापासून फांदीच्या टोकापर्यंत शेवाळं, फांद्यांवर नेचे उगवलेले, दगडसुद्धा हिरवे. श्रावणातलं आंबोली आठवेल, फक्त जळवा नाहीत. जळवा नाहीत पण गोचीड आहेत, बारीक, तिळाएवढे, गवतातून चढतात आणि त्यातल्या काहींमुळे लाइम नावाचा आजार होतो. पायमोजे पँटवर ओढून घ्या आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघा.

प्रश्न : सासरे व्हीलचेअरवर आहेत, आम्ही इंग्लंडमध्येच राहतो. त्यांना तळं आणि जंगल दोन्ही दाखवायचंय, गाडीतून नाही. शक्य आहे का? – एक वाचक, लीड्स

आहे हो, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं वाटलं, नाहीतर आजोबांना कॅफेत बसवून बाकीचे फिरून येतात. लेक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कने 'माइल्स विदाउट स्टाइल्स' अशी यादीच केलीय. स्टाइल म्हणजे कुंपणावरून पलीकडे जायला केलेल्या पायऱ्या, दगडी किंवा लाकडी, शेताशेतांतून जाणाऱ्या वाटांवर त्या जागोजागी असतात आणि चांगल्या चालणाऱ्याचेही हाल होतात. या यादीतल्या वाटांवर त्या नाहीत, आणि कुठली वाट चाकांना कितपत जमेल त्याची प्रतवारी दिलीय. अंतर नंतर बघा, प्रतवारी आधी.

सगळे टार्न हाउजचं नाव घेतील. सुंदर आहे, तळ्याला पूर्ण फेरी, जेमतेम तीन किलोमीटर, भोवती उंच झाडी. (तळं नैसर्गिक वाटतं पण नाही, १९व्या शतकात बांध घालून छोट्या तळ्यांचं एक केलंय.) पण वाट खडीची आणि मध्ये चढउतार आहेत, लहान चाकांची घडीची खुर्ची ढकलून तुमचे खांदे जातील. तिथे ट्रॅम्पर म्हणून मोठ्या चाकांची बॅटरीवरची गाडी मिळते, ती आधी बुक करा, मगच निघा.

घडीची खुर्चीच असेल तर मी म्हणेन केसिकला जा. धक्क्यापासून फ्रायर्स क्रॅग या तळ्यात घुसलेल्या खडकाळ टोकापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची जवळजवळ सपाट वाट, समोर अख्खं तळं, मागे पाइन. ते झालं की दुपारी केसिक ते थ्रेलकेल्ड हा जुना रेल्वेमार्ग. १९७२ साली गाडी बंद झाली, रूळ काढून वाट केली. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही ना, म्हणून वाटेलाही मोठा चढ नाही, हे साधं गणित मला फार आवडतं. नदीवरचे पूल, दोन्ही बाजूंना दाट झाडी, एकूण पाच किलोमीटर. डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळात यातले दोन पूल वाहून गेले होते, पाच वर्षांनी नवे बांधून वाट उघडली आणि तेव्हाच पृष्ठभागही गुळगुळीत केला. हवं तिथून मागे फिरा, पूर्ण करायलाच पाहिजे असं काही नाही.

प्रश्न : एप्रिल शेवट की ऑक्टोबर? आणि डबा नेला तर चालतो का, की लोक बघतात? – एक काकू, नाशिक

निळी फुलं बघायची असतील, ब्लूबेल, तर एप्रिल शेवट ते मे मध्य. बटरमियर तळ्याजवळ रॅनरडेल म्हणून खोरं आहे, तिथे ती झाडाखाली नाही, उघड्या उतारावर फुलतात. पानांचे रंग हवे असतील तर ऑक्टोबर शेवट, पण मग दिवस लहान. डिसेंबरमध्ये जाऊ नका, चारच्या आत सूर्य मावळतो आणि तुम्ही अजून हातमोजेच शोधत असता.

बटरमियरच्या तळ्यालाही पूर्ण फेरी आहे, सात किलोमीटर, बऱ्यापैकी सपाट, एका ठिकाणी चक्क खडकातला छोटा बोगदा, आत ओल असते आणि मोबाइलचा टॉर्च लागतो. तुम्ही रोज गोदाकाठी चालत असाल तर जमेल.

डबा न्या की! थेपले, दशमी, सगळं चालतं, कोणी बघत नाही, बघितलंच तर वास कसला म्हणून विचारतील. पण मेंढ्यांपासून जपून, त्या पार्किंगच्या आसपासच्या अगदी निर्ढावलेल्या असतात. हर्डविक जात, जन्मतात काळ्या आणि वयाबरोबर अंग राखाडी, तोंड पांढरं होत जातं. माझ्या दशमीवर एकीने तोंड घातलं होतं, मी पिशवी ओढतेय आणि ती माझ्याकडे अगदी आमच्या आत्याबाईंसारखं बघतेय. खायला घालू नका. आणि कुठलंही फाटक उघडलंत तर मागे तसंच लावा.