स्टेन्सिल वापरून घरासाठी कॅनव्हास करायचाय, पण कडा पसरतात. नीट कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की चित्रकला येत नाही म्हणून स्टेन्सिल आणली, कागदावर डिझाइन मस्त उठलं, पण कॅनव्हासवर तेच केलं तर रंग कडेखाली घुसला आणि सगळं फुगल्यासारखं दिसतंय. तुमच्या हाताचा दोष नाहीये आणि दुसरी स्टेन्सिल आणूनही फरक पडणार नाही. भानगड मुख्यतः दोन गोष्टींची आहे, ब्रशवर रंग जास्त असतो आणि कॅनव्हास मधोमध दबतो.

आधी दबण्याचं बघू. फ्रेमवर ताणलेला कॅनव्हास ढोलाच्या पानासारखा असतो, वरून दाब दिला की आत जातो, मग स्टेन्सिल आणि कापड यांच्यात फट पडते आणि रंग त्या फटीत शिरतो. उपाय सोपा आहे, कॅनव्हास पालथा करून फ्रेमच्या आतल्या पोकळीत जाडीला बरोबर बसतील अशी पुस्तकं किंवा पुठ्ठ्याचे थर ठेवा, मग सुलटा करून टेबलावर ठेवून काम करा. एवढ्याने अर्धा प्रॉब्लेम जातो, खरंच. ताणलेलाच हवा असं काही नसेल तर कॅनव्हास बोर्ड घ्या, तो मुळात कडकच असतो.

त्यात भर म्हणजे कापडाची वीण. तयार कॅनव्हासला बहुतेक वेळा गेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर, लावलेला असतो तरी वीण वर जाणवते, आणि त्या बारीक खाचांतून रंग पळतो. बारीक डिझाइन असेल तर गेसोचे अजून एक-दोन हात द्या, वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, पुसून घ्या. मग बॅकग्राउंडचा रंग, दोन हात, आणि कडेच्या पट्ट्यांवर पण तोच रंग न्या म्हणजे वरून वेगळी फ्रेम लागत नाही. हे रात्रभर वाळू द्या, घाई केली तर स्टेन्सिल चिकटवायची टेप बॅकग्राउंड घेऊनच वर येते.

आता खरी युक्ती. स्टेन्सिल मास्किंग टेपने पक्की केली की डिझाइनचा रंग लगेच लावू नका. आधी बॅकग्राउंडचाच रंग कटच्या कडांवर अगदी पातळ थरात थोपटा. जे काही खाली घुसायचंय ते तो रंग घुसतो आणि फटी बुजवतो, बॅकग्राउंडचाच असल्यामुळे दिसत पण नाही, आणि वाळल्यावर वरून डिझाइनचा रंग दिला की कड ब्लेडने कापल्यासारखी येते. भिंतीवर दोन रंगांची सरळ रेघ मारायला पण हीच ट्रिक चालते.

रंग अ‍ॅक्रिलिकच घ्या, ट्यूब किंवा बाटलीतला घट्टसर, आणि पाणी घालायचं नाही, थेंबभर पण नाही. ब्रश सपाट तोंडाचा, आखूड केसांचा, नाहीतर स्पंजचा तुकडा घ्या. रंगात टोक बुडवलं की जुन्या कापडावर जवळजवळ सगळं पुसून टाका, इतकं की आता ब्रशवर काही उरलंच नाही असं वाटलं पाहिजे. मग उभा धरून टप टप थोपटायचं, फिरवायचं असेल तर कडेकडून आतल्या बाजूला, आतून कडेकडे कधीच नाही. पहिला हात फिका दिसेल, दिसू दे, असे दोन-तीन पातळ हात द्यायचे. शेवटचा हात पूर्ण वाळायच्या आत स्टेन्सिल सरळ वर उचला, सरकवू नका. जाड थर वाळून स्टेन्सिलला धरला तर उचलताना कडेचे टवके निघतात.

स्वतःची स्टेन्सिल कापायची असेल तर ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची शीट) आणि धारदार कटर पुरे, डिझाइन खाली ठेवून वरून कापायचं. आणि कापताना कटर फिरवण्यापेक्षा शीट फिरवा, गोलाई चांगली येते. मराठी अक्षरं कापणार असाल तर थोडा विचार करून कापा. व, ब, क यांच्या पोटातला तुकडा सुटून पडतो म्हणून त्याला धरून ठेवणारा बारीक पूल सोडावा लागतो, आणि शिरोरेघ सलग कापली तर दोन अक्षरांमधल्या पट्ट्या वरून सुट्या होऊन जिभेसारख्या लोंबतात, नेमका तिथेच रंग शिरतो. म्हणून रेघ मध्ये मध्ये तोडा, नंतर बारीक ब्रशने जोडून टाकता येते. पहिल्याच वेळी अक्षरांच्या नादी लागू नका असं माझं मत, मोठी पानं किंवा भौमितिक आकार घ्या, दोन नाहीतर तीन रंग बास.

इतकं करून पण थोडं पसरलंच तर ओलं असताना पाण्यात बुडवून पिळलेल्या इअरबडने टिपून घ्या, वाळलं असेल तर बॅकग्राउंडच्या रंगाने बारीक ब्रशने कड झाकायची. त्यासाठी तो रंग झाकणाच्या डबीत थोडा काढून ठेवा, नंतर मिसळून तीच शेड आणणं महाकठीण. स्टेन्सिल मात्र लगेच साबणाच्या कोमट पाण्यात टाका.

सगळं झाल्यावर निदान एक दिवस वाळू द्या आणि मग मॅट व्हार्निशचा पातळ हात द्या, ग्लॉसी दिला तर समोरच्या खिडकीचा उजेड चमकतो आणि डिझाइन धड दिसत नाही. चित्र भिंतीवर लावताना सगळेच फार वर लावतात, चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटीमीटरवर आला तर डोळ्यासमोर बसतो. सोफ्याच्या वर लावणार असाल तर चित्राची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ठेवा, एवढा मोठा कॅनव्हास झेपणार नसेल तर तीन छोटे करा, तीच स्टेन्सिल आणि बॅकग्राउंड तेवढं बदला.